रंगाच्या आधीचे काम: कोकणच्या पावसातील लोखंडाचा इतिहास

१/ पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या तानाजींची आणि शेलारमामांची समाधी याच गावात आहे. त्या रात्रीची चढाई आणि झुंज इतिहासाने जपली. त्या तलवारींविषयीचा एक साधा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. ज्या मुलखात ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत पाऊस उसंत देत नाही, तिथे लोखंड गंजण्यापासून वाचवले कसे जात असे?

२/ उमरठ सह्याद्रीच्या पश्चिम उताराच्या पायथ्याशी वसले आहे. माथ्यावर महाबळेश्वर, तिथे उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. तालुक्याच्या नावातच पोलाद आहे. त्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, इथली हवा पोलादाला मानवणारी नाही.

३/ लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. हवेत मिठाचा अंश असेल तर हे काम अधिक वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, तो सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो. म्हणूनच गंजावर रंग लावला तर ओल रंगाखाली कोंडली जाते, गंज फुगत राहतो आणि रंगाचा पापुद्रा आतून उचलला जातो. वरून चकचकीत दिसणारी पट्टी आतून पोखरलेली असू शकते.

४/ जुन्या घराच्या भिंतीला चुन्याचा नवा हात देण्यापूर्वी पोपडे खरवडावे लागतात, हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते. लोखंडाचेही तसेच आहे. रंग किती वर्षे टिकणार, हे बहुतांशी तो लावण्यापूर्वीच ठरते. कारखान्यांच्या भाषेत या कामाला पृष्ठभागाची पूर्वतयारी म्हणतात. रंग चढला की ते काम दिसेनासे होते. त्याचा इतिहासही त्यामुळेच सहसा लिहिला जात नाही.

५/ मराठी मुलखात हे काम करणारा पहिला कारागीर म्हणजे शिकलगार. हा शब्द अरबी-फारसीतून आला. मूळ शब्दाचा अर्थ घासून चकाकी आणणे. शिकलगार साणेवर पाते धरून त्याला धार लावत असे. पण धारेइतकेच महत्त्वाचे होते ते पात्यावरचा गंज पूर्ण उतरवणे. गुळगुळीत आणि स्वच्छ पात्यावर पाण्याचा थेंब फार काळ ठरत नाही, आणि वर दिलेला तेलाचा हात सर्वत्र सारखा बसतो. खडबडीत गंजावर तेल दिले तर ते वरच राहते आणि खाली गंजाचे काम चालू राहते.

६/ या देखभालीला पंचांगातही जागा होती. आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. या दिवशी शस्त्रे बाहेर काढून, स्वच्छ करून पुजली जात. दुसऱ्या दिवशी दसरा, सीमोल्लंघन आणि मोहिमांचा आरंभ. पावसाळा नुकताच संपलेला असे. चार महिने ओल खाल्लेले लोखंड तपासण्याचा याहून योग्य काळ दुसरा नव्हता. महाराष्ट्रातील कारखान्यांत आजही त्याच सुमारास यंत्रे पुसून त्यांची पूजा केली जाते.

७/ लेखी पुरावा हवा असेल तर तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील हा राजनीतिपर ग्रंथ. त्यातील दुर्गांच्या प्रकरणात पावसाळ्यासाठी स्पष्ट आज्ञा आहे: तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे मेणाने भरावीत आणि वर आच्छादन घालून त्या खराब होऊ देऊ नयेत. धातूवर पाणी पोचू न देणारा थर कसा द्यावा, याची ही राजाज्ञाच होय.

८/ त्याच प्रकरणात दारूखान्याविषयीची आज्ञा अधिक बोलकी आहे. दारू, बाण आदी साहित्याला सर्दी लागू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ते बाहेर काढावे, त्याला ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. काम ठरावीक मुदतीने होते, त्याला एक जबाबदार माणूस नेमलेला आहे, आणि काम झाल्याची खूण म्हणून मुद्रा आहे. हे शेवटचे कलम या लेखात पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

९/ तेल-मेणाला मर्यादा होतीच. उन्हाने मेण वितळे, पावसाने तेल धुऊन जाई, आणि दर वर्षी तेच काम नव्याने करावे लागे. किनाऱ्यावर कोळी आणि खारवी पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून शाकारून ठेवत आणि हंगामाच्या तोंडावर त्यांची डागडुजी करून पुन्हा पाण्यात लोटत. देखभालीचे हे वार्षिक चक्र कष्टाचे होते. पण वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू माणसाच्या हाताखालून आणि नजरेखालून जात असे, हा त्याचा मोठा गुण होता.

१०/ थर चिकटण्यासाठी खालची धातू उघडी आणि निर्मळ असावी लागते, हे मराठी घराने प्रत्यक्ष पाहिले ते कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी. तांब्या-पितळेच्या भांड्यात वाळू घालून, त्यात उभे राहून, पायांनी गरगर फिरत तो ते घासत असे. मग भांडे तापवून त्यात नवसागर टाकी. उष्णतेने नवसागरातून निघणारी वाफ धातूवरचा उरलासुरला ऑक्साइडचा थर काढून टाकते. त्यानंतर २३२ अंश सेल्सियसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने फिरवले की भांडे क्षणात रुपेरी होते.

११/ पाहणाऱ्यांना आठवतो तो शेवटचा क्षण. पण कल्हईवाल्याचा वेळ आणि श्रम मुख्यतः त्याआधीच्या घासण्यात जात. घासताना एक डाग राहिला तर तिथे कथील धरत नाही, आणि त्या जागी पुढे आंबट पदार्थ कळकतो. उद्योगातील रंगकामाचे गणितही नेमके हेच आहे.

१२/ एकोणिसाव्या शतकात लोखंड वाढले तेव्हा त्याच्या संरक्षणासाठी जो पदार्थ जगभर वापरला गेला, तो मराठी माणसाच्या देवळात आधीपासून होता. शेंदूर म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत शिशाचे तांबडे ऑक्साइड. मारुतीला तो तेलात कालवून लावतात. पूल, जहाजे आणि टाक्या यांच्या लोखंडाला तोच शेंदूर जवसाच्या तेलात कालवून अस्तराचा हात म्हणून दिला जाई. शिसे आणि तेल यांच्या संयोगातून बनणारे साबणासारखे पदार्थ गंजाची क्रिया मंदावतात.

१३/ शेंदराचा आणखी एक गुण होता. जवसाचे तेल हळूहळू वाळते, त्यामुळे ते बारीक भेगांत आणि उरलेल्या गंजातही झिरपते. पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ नसला तरी हे अस्तर बरेच सांभाळून घेई. म्हणूनच त्या काळी तारेचा ब्रश, खरवडणी आणि चिपिंगची हातोडी एवढ्यावर काम भागत असे. ही सवलत होती. तिची किंमत नंतर कळली.

१४/ मुंबईच्या आसपास लोखंडाच्या मोठ्या बांधकामांचे युग रेल्वेबरोबर आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १८६४ मध्ये मुंबई-सुरत मार्ग खुला झाला तेव्हा वसईची खाडी लोखंडी पुलांवरून ओलांडली गेली. खाली खारे पाणी, वर चार महिन्यांचा पाऊस. इंग्लंडच्या कारखान्यांतून समुद्रमार्गे आलेल्या तुळयांना इथे अशा हवेत उभे राहायचे होते जी त्यांच्या घडवणाऱ्यांनी अनुभवलेली नव्हती.

१५/ त्यानंतर घडीव लोखंडाची जागा पोलादाने घेतली आणि एक नवी अडचण ठळक झाली. तापलेले पोलाद लाटताना त्यावर निळसर-काळ्या ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा बसतो. कारखान्यांत त्याला मिल स्केल म्हणतात. नवा पत्रा गंजमुक्त आणि तुकतुकीत दिसतो, तो या पापुद्र्यामुळे. यावर रंग लावायला काय हरकत, असे कुणालाही वाटेल. पुष्कळांना तसे वाटलेही.

१६/ पण हा पापुद्रा ठिसूळ असतो. ऊन-थंडीने पोलाद प्रसरण-आकुंचन पावले की त्याला तडे जातात. तड्यातून पाणी शिरले की पापुद्रा आणि पोलाद यांची जणू एक छोटी विद्युतघटमाला तयार होते. त्यात झिजते ते पोलाद, आणि तेही तड्याच्या अरुंद जागेत, खोलवर. म्हणजे मिल स्केलवर लावलेला रंग हा निखळणाऱ्या कातडीवर चढवलेला अंगरखा होय. कातडी सुटली की अंगरखाही जातो.

१७/ तो काढण्याचे तेव्हाचे मार्ग तीन. पहिला, पोलाद काही महिने उघड्यावर ठेवून पापुद्रा आपोआप सुटू द्यायचा आणि मग घासायचे. म्हणजे मुद्दाम गंज धरू द्यायचा आणि मग तो काढायचा. दुसरा, आम्लाच्या हौदात बुडवायचे. तिसरा, हातोडीने ठोकून काढायचा. पहिल्यात वेळ जाई, दुसरा उभ्या पुलाला लागू पडत नसे, आणि तिसऱ्यात माणसांचे हात थकत.

१८/ १८७० मध्ये फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी एका यंत्राचे पेटंट घेतले. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले हे गृहस्थ रसायनतज्ज्ञही होते. वाफेच्या किंवा हवेच्या जोराने वाळूचा झोत पृष्ठभागावर सोडायचा, ही त्यांची कल्पना. आरंभी तिचा उपयोग काचेवर नक्षी कोरणे आणि दगडावर अक्षरे खोदणे यांसाठी झाला. लवकरच ओतीव लोखंड आणि पोलाद साफ करण्यासाठी हा झोत कारखान्यांत आला. त्याचे नाव सँड ब्लास्टिंग.

१९/ या झोताने दोन कामे एकदम साधली. गंज, जुना रंग आणि मिल स्केल तर गेलेच. शिवाय वाळूच्या कणांनी पोलादावर असंख्य सूक्ष्म खळगे आणि उंचवटे पाडले. आजच्या कामांत त्यांची उंची सहसा ४० ते ७५ मायक्रॉन असावी अशी अपेक्षा असते. माणसाच्या केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी. पाटा टाकी लावून खडबडीत केला की वाटण धरते, तसा रंग या खळग्यांत धरतो. हे उंचवटे फार मोठे झाले तर त्यांची टोके रंगाबाहेर राहतात आणि तिथूनच गंज सुरू होतो.

२०/ या यंत्राची किंमत माणसांच्या फुप्फुसांनी मोजली. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. पोलादावर आदळताच कण फुटतात आणि त्यांची डोळ्यांना न दिसणारी धूळ हवेत तरंगते. ही धूळ श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे कायमचे व्रण करते. हा सिलिकोसिस. त्यावर इलाज नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो, आणि क्षयरोगाला तो वाट करून देतो. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकरूप सिलिकाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणारी म्हणून वर्गीकृत केली.

२१/ ब्रिटनने ओतीव वस्तूंच्या ब्लास्टिंगमध्ये वाळूच्या वापरावर बंदी घातली ती १९४९ च्या नियमांनी. पेटंटपासून बंदीपर्यंत ७९ वर्षे गेली. या काळात यंत्र सुधारले, झोत जोरदार झाला, पोलाद उजळले. झोताची नळी धरणारा माणूस मात्र तेवढाच उघडा राहिला. औद्योगिक इतिहासात पूल आणि जहाजे यांच्या जन्मतारखा असतात. त्यांना रंगासाठी तयार करणाऱ्यांची नोंद आढळलीच तर बहुधा रुग्णालयाच्या दप्तरात आढळते.

२२/ भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसचा समावेश सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत केला. त्याच अधिनियमाच्या कलम ८७ खाली राज्यांनी केलेल्या नियमांत झोताने वस्तू साफ करणे हे धोकादायक काम मानले गेले. पण हे नियम कारखान्याच्या चार भिंतींत लागू. पूल, टाकी, मनोरा यांचे काम उघड्यावर होते, कंत्राटावर होते आणि काम संपले की माणसे पांगतात. रोग दिसू लागतो तो पुष्कळदा अनेक वर्षांनी.

२३/ वाळूला पर्याय आहेत. पोलादी छर्रे आणि कणी बंदिस्त जागेत पुन्हा पुन्हा वापरता येतात. उघड्यावर गार्नेट किंवा तांबे गाळताना उरणारी मळी वापरली जाते. हवेत हवा पुरवणारे शिरस्त्राण, धूळ दाबण्यासाठी पाण्याची जोड, असे उपायही आहेत. यांतले काहीच गूढ नाही. पण वाळू जवळच्या नदीवर स्वस्तात मिळते, आणि तिची खरी किंमत कंत्राटाच्या दरात धरलेली नसते.

२४/ इकडे शेंदराचाही हिशेब होत होता. शिसे विषारी आहे. ते मेंदूवर, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूवर, घातक परिणाम करते. एकेका देशाने ते रंगांतून हटवले. भारताने घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये केले. औद्योगिक पोलादावरही शेंदराची जागा जस्ताचे अस्तर आणि इपॉक्सी यांनी घेतली. हे नवे थर अधिक टिकाऊ आहेत, पण जवसाच्या तेलासारखे क्षमाशील नाहीत. खालचा पृष्ठभाग अस्वच्छ असेल तर ते धरतच नाहीत.

२५/ त्यामुळे रंग जितके सुधारले, तितकी पूर्वतयारीची गरज वाढली. आता प्रश्न आला तो मोजमापाचा. स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ? कंत्राटदाराचे स्वच्छ आणि पुलाच्या मालकाचे स्वच्छ एक नसते. स्वीडनने यावर सोपा तोडगा काढला: छायाचित्रे. १९६७ च्या स्वीडिश प्रमाणात पोलादाच्या गंजाच्या चार अवस्था आणि सफाईच्या पायऱ्या रंगीत चित्रांनी दाखवल्या. चित्र पोलादाशेजारी धरायचे आणि ताडून पाहायचे. वाद तिथेच मिटे.

२६/ हीच पद्धत १९८८ मध्ये आयएसओ ८५०१-१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात आली. भारतीय मानक संस्थेने चित्रमय तुलनेसाठी आयएस ९९५४ हे मानक १९८१ मध्येच काढले होते. आज पुलांच्या आणि टाक्यांच्या निविदांत ‘एसए अडीच’ हा शब्द सर्रास आढळतो. त्याचा अर्थ असा की भिंगाशिवाय पाहिले असता तेल, मळ, गंज, मिल स्केल, जुना रंग काही दिसू नये. उरल्याच तर ठिपक्यांच्या किंवा रेषांच्या पुसट छटा उराव्यात.

२७/ पण डोळ्यांना न दिसणारेही पुष्कळ उरते. तेलकट पत्रा आधी न पुसता झोताखाली घेतला तर तेल निघत नाही, ते खळग्यांत ठोकले जाते. समुद्रकाठच्या हवेतील मीठ तर लख्ख पोलादावरही दडून राहते. ते शोधण्यासाठी पृष्ठभागावर एक छोटी चिकट पिशवी लावतात, तिच्यात शुद्ध पाणी सोडतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. मीठ निघाले तर धुवायचे आणि पुन्हा मोजायचे. रंगाखाली राहिलेले मीठ रंगाच्या थरातूनही ओल आत ओढते आणि फोड येतात.

२८/ महाड-पोलादपूरच्या हवेत आणखी एक अट आडवी येते. पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असावे आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी, असा रंगकामाचा सर्वमान्य दंडक आहे. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर पोलादावर बसतो. आषाढ-श्रावणात असा दिवस क्वचितच उगवतो. झोताखालून निघालेले उघडे पोलाद दमट हवेत काही तासांत तांबूस होते. सकाळी साफ केलेले दुपारी पुन्हा साफ करावे लागते. म्हणून इथे हे काम दसऱ्यानंतरच हाती घ्यावे लागते. खंडेनवमीचा हंगाम औद्योगिक युगातही बदललेला नाही.

२९/ पूर्वतयारी नीट झाली तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंडमधील फोर्थ रेल्वे पूल. १८९० मध्ये खुला झालेला हा पोलादी पूल रंगवण्याचे काम कधीच संपत नाही, अशी म्हणच इंग्रजीत पडली. जुन्या रंगावर नवा हात चढत राही. २००२ ते २०११ या काळात सगळे जुने थर काढून, पोलाद उघडे करून, त्यावर इपॉक्सीची तीन थरांची योजना दिली गेली. ती पंचवीस वर्षे टिकेल अशी अपेक्षा आहे. शंभर वर्षांचे न संपणारे काम दहा वर्षांच्या एका संपणाऱ्या कामाने थांबवले.

३०/ ती नीट झाली नाही, किंवा तिची देखरेख झाली नाही, तर काय होते याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. मध्ये नऊ महिनेही गेले नव्हते, पण एक कोकणी पावसाळा येऊन गेला होता. नट-बोल्ट गंजल्याची लेखी सूचना कोसळण्याआधीच दिली गेली होती. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे नोंदवली.

३१/ केवळ गंजाने तो पडला असे म्हणणे अपुरे ठरेल. सांगाड्याची रचनाही दोषी ठरली. पण गंजाचे पत्र लिहिले गेले आणि तरीही पुतळा पडला, यात या साऱ्या विषयाचे मर्म आहे. गंज ही आकस्मिक आपत्ती नव्हे. तो सूचना देत येतो. सूचना वाचणारा आणि तिच्यावर काम करून सही करणारा माणूस नेमलेला असेल, तरच त्या सूचनेला अर्थ राहतो.

३२/ १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार माणसे गेली. पूल गंजलेला होता, त्यावर भारही अतोनात होता. खुद्द महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ चा पूल पुरात वाहून गेला. तो दगडी होता, त्याचा गंजाशी संबंध नव्हता. पण वरून धड दिसणाऱ्या बांधकामाच्या पोटात काय चालले आहे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

३३/ शिकलगाराच्या साणेपासून एसए अडीचपर्यंत साधने पार बदलली. ज्ञानाची उणीव आता राहिलेली नाही. प्रमाणे आहेत, मोजण्याची यंत्रे आहेत, भारतीय मानके आहेत. उणीव पडते ती एका ठिकाणी. रंग चढला की खालचे काम झाकले जाते. ज्याने ते चोख केले त्याला श्रेय मिळत नाही, आणि ज्याने ते टाळले तो बिल मंजूर होईपर्यंत पकडला जात नाही. रंगकामाच्या कंत्राटात सर्वांत सहज चोरता येणारा टप्पा हाच.

३४/ म्हणून जाणकार अभियंते एक अट घालतात: पूर्वतयारी झाली की काम थांबवायचे, तपासनिसाने उघडे पोलाद स्वतः पाहायचे, मोजमापे नोंदवायची, सही करायची, आणि त्यानंतरच अस्तराचा पहिला हात द्यायचा. आज्ञापत्रातील हवालदार आठ-पंधरा दिवसांनी येई, वस्तू बाहेर काढून पाही आणि मग मुद्रा करी. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या आज्ञेत आणि आजच्या या अटीत तत्त्वाचा फरक नाही.

३५/ त्या सहीबरोबर आणखी एका नोंदीची गरज आहे. झोताची नळी ज्याच्या हातात होती त्याच्या तोंडावर हवा पुरवणारे शिरस्त्राण होते का, झोतात वाळू होती की गार्नेट, आणि त्याच्या छातीची तपासणी शेवटची कधी झाली, हेही त्याच कागदावर यावे. पोलाद किती वर्षे टिकणार याचा हिशेब मांडला जातो. ते उजळणाऱ्या माणसाचाही मांडला जावा. (समाप्त)